'खोली शिल्लक नाही' म्हणण्याचा धर्म

मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी नॅरोगेज 'शकुंतला' थांबली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला. कारंजा लाडला येणाऱ्या भाविकाचा प्रवास आता गाडीच्या वेळापत्रकाने ठरत नाही. गुरुमंदिराच्या दर्शनाला निघालेले कुटुंब घर सोडण्याआधीच मुक्कामाची खोली फोनवर शोधते. शिर्डीच्या संस्थानाच्या खोल्यांचे बुकिंग तर बऱ्याच वर्षांपासून ऑनलाइन होते. मुक्कामाची सोय लावणाऱ्या अशा ॲपची रचना करणाऱ्यांपुढे साधारणपणे एकच प्रश्न असतो: ते वापरायला सोपे कसे होईल? हा प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. मुक्कामाची सोय ज्या पडद्यावर ठरते, तो पडदा यजमानाच्या जागी बसलेला असतो. यजमानाची जागा घेतली की त्याचे धर्मही घ्यावे लागतात. म्हणून ॲपची पारख बुकिंग किती झटपट होते एवढ्यावरच करून चालणार नाही. ज्याने बुकिंग केलेले नाही त्याच्याशी ते कसे वागते, हेही पाहिले पाहिजे.

हा आग्रह बाहेरून आणलेला नाही, कारंजाच्या स्वतःच्या कथेतूनच तो निघतो. परंपरेनुसार शके १३००, म्हणजे इ. स. १३७८ मध्ये दत्तावतार मानल्या गेलेल्या श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म येथे झाला. त्यांची कथा सांगणारे गुरुचरित्र या जन्माचा धागा मागे पीठापूरपर्यंत नेते. तिथल्या एका घरी श्राद्ध आहे. स्वयंपाक झाला आहे, पण ब्राह्मण अजून जेवलेले नाहीत, त्यामुळे कोणाला काही वाढायची ती वेळ नव्हे. नेमके तेव्हाच दत्तात्रेय भिक्षेकऱ्याच्या वेषात दाराशी येतात. घरातली गृहिणी रीतीचा अडसर बाजूला ठेवून भिक्षा घालते आणि त्याच पुण्याईने तिच्या पोटी श्रीपाद श्रीवल्लभ जन्म घेतात. पुढे हेच श्रीपाद कुरवपूरला जीव द्यायला निघालेल्या एका दुःखी आईला थांबवतात आणि तीच बाई पुढच्या जन्मी कारंजाची अंबा, नृसिंहसरस्वतींची माता होते. ज्या परंपरेसाठी लोक कारंजाला येतात, तिची सुरुवातच न कळवता, अवेळी आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हाताने न पाठवण्याने झाली आहे. गुरुचरित्राचे पारायण करणारा समाज हा प्रसंग केवळ चमत्कार म्हणून वाचत असेल, तर त्यातली आज्ञा हातची निसटते.

ही आज्ञा एका पंथापुरतीही नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत, मुक्कामाला आलेल्या कोणालाही परतवू नये, हे व्रतच सांगितले आहे. मनुस्मृतीत संध्याकाळी आलेल्या अतिथीला, तो वेळेवर येवो की अवेळी, गृहस्थाने नाकारू नये असे म्हटले आहे. कारंजा हे जैनांचेही मोठे केंद्र. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही भट्टारक परंपरांची मंदिरे येथे आहेत, आणि इथल्या ग्रंथभांडारांतील अपभ्रंश ग्रंथ डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या संशोधकांनी प्रकाशात आणले. जैन श्रावकाच्या बारा व्रतांत अतिथिसंविभाग हे एक व्रत आहे. मुनी आपल्यासाठी मुद्दाम रांधलेले अन्न घेत नाहीत आणि आमंत्रणावर जात नाहीत. ते कोणाच्या दाराशी थांबतील हे आधी ठरलेले नसते, म्हणून श्रावकालाच दारात सिद्ध उभे राहावे लागते. तिन्ही ठिकाणी भार एकाच बाजूला टाकलेला दिसतो. पूर्वसूचना देणे हे पाहुण्याचे कर्तव्य मानलेले नाही. तयारी ठेवणे हे यजमानाचे कर्तव्य मानले आहे.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासाचा आहे. आपली ही आतिथ्यशील दारे सर्वांसाठी कधी उघडी होती? पंढरपुरात महार वारकऱ्यांना इतर धर्मशाळांत थारा नव्हता, म्हणून तर गाडगेबाबांना चोखामेळा धर्मशाळा बांधावी लागली. पुढे १९४९ मध्ये त्यांनी ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. दारातला माणूस आधी जात विचारायचा. ॲप निदान तोंड बघून दर ठरवत नाही, मग ते अधिक धार्मिक नव्हे काय? हा आक्षेप मी मान्य करतो, किंबहुना ॲपच्या बाजूचा सर्वांत मोठा युक्तिवाद हाच आहे. पण तो पुरता टिकायचा असेल, तर ॲपने जुनी चाळणी नव्या रूपात परत आणता कामा नये. आडनाव पाहून मग 'मंजुरी' देण्याची सोय, एकट्या स्त्रीला किंवा एकट्या पुरुषाला खोली नाही असा नियम, स्मार्टफोन नसलेल्याला बुकिंगच नाही अशी रचना, या सगळ्या चाळण्याच आहेत. समता आपोआप येत नाही. ती रचनेत घालावी लागते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. खोल्या मोजक्या असतात. दत्तजयंतीला किंवा गुरुप्रतिपदेला गर्दी उसळते. वृद्ध आईला घेऊन येणाऱ्याला खोलीची खात्री हवी, आणि ती देणे हीसुद्धा करुणाच आहे. हे अगदी खरे आहे. पण उपनिषद व्रत सांगून थांबत नाही. कोणाला परतवू नये म्हटल्यावर लगेच ते सांगते की म्हणून हर प्रयत्नाने पुष्कळ अन्न जमवून ठेवावे. म्हणजे नियोजन हे आतिथ्याच्या विरोधात नाही. अनपेक्षित माणसासाठी केलेले नियोजन हेच आतिथ्य. संस्थानांच्या ॲपमध्ये हे सहज उतरवता येईल. काही खोल्या किंवा सामायिक दालनातल्या काही जागा ऑनलाइन न देता रात्रीपर्यंत राखून ठेवाव्यात. त्या रिकाम्या राहिल्या तर तो तोटा धरू नये, व्रताचा खर्च धरावा. बुकिंग फोनवर बोलूनही करता यावे. खोली कितव्या मजल्यावर आहे, जिना आहे की लिफ्ट, शौचालय कोणत्या प्रकारचे, हे मराठीत आधीच दिसावे.

तिसरा आक्षेप असा की खासगी हॉटेल म्हणजे धर्मशाळा नव्हे; व्यापाऱ्याकडून व्रताची अपेक्षा कशी करायची? फुकट खोलीची अपेक्षा करू नये, हे कबूल. पण खरे बोलण्याची अपेक्षा सर्वांकडूनच करायची असते. 'एकच खोली उरली' अशी खोटी घाई लावणे, सुरुवातीला कमी भाडे दाखवून शेवटच्या पानावर शुल्क वाढवणे, न मागितलेली सेवा बिलात घुसवणे, हे सगळे पाहुण्याच्या थकव्याचा आणि गरजेचा फायदा घेणे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार सांगून त्यांना मनाई केली. कायद्याने आता जे सांगितले, ते अस्तेय आणि सत्य मानणाऱ्या गावाला आधीच ठाऊक असायला हवे होते.

म्हणून कारंजासारख्या क्षेत्री मुक्कामाचे ॲप तयार करणाऱ्याने सर्वांत जास्त विचार 'खोली शिल्लक नाही' या एका पानावर करावा. ज्याला खोली मिळाली त्याच्याशी सगळेच गोड वागतात. तिथे धर्माची परीक्षा होत नाही. नकाराच्या पानावर गावातल्या इतर निवासांची नावे आणि खरे भाडे आहे का, रात्री कोणाला फोन करायचा ते आहे का, निदान अंग टेकायला जागा कुठे मिळेल ते लिहिले आहे का? ते असेल, तर यंत्रानेही यजमानाचे कर्तव्य पार पाडले असे म्हणता येईल. ते नसेल, तर त्या ॲपच्या सुबक चित्रांनी आणि चपळ बटणांनी भाविकाचा प्रवास सोपा केला असेल, पण ज्या शिकवणीसाठी त्याने तो प्रवास केला, ती मात्र गावाच्या वेशीबाहेरच राहिली असेल.