कुळाचार सुटल्यानंतरचे एकलेपण

उपदेश घेतलेल्या वासनिकापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. पिढीजात रीत सोडली की घरही सुटू लागते. वर्षातून एकदा कुळदैवतापुढे बोकड कापावा, त्या रात्री मद्य प्यावे, नशेत जुनी भांडणे उकरून काढावी आणि शेवटी घरातील स्त्रियांवर हात उगारावा, असा ज्या घराचा क्रम, त्या घरातील एखादा पुत्र सुरी हाती घेण्यास नकार देतो. त्या दिवसापासून भाऊ अबोला धरतात. लग्नकार्याची अक्षत येत नाही. कोणास दुखणे आले की देवाचा कोप म्हणून दोष त्याच्याच माथी बसतो. आई मात्र रात्री उंबऱ्याशी येऊन म्हणते, "बापू, एक दिस पंगतीले बसशील त काय बिघडीन?" भावांचा राग सोसवतो, आईचे हे वाक्य सोसवत नाही.

येथे शंका अशी की, ज्या धर्माने माणूस एकटा पडतो, तो धर्म त्याच्या कल्याणाचा कसा म्हणावा?

याचे समाधान करताना प्रथम हे पाहावे की, हे एकलेपण नवे आहे काय? लहानपणी त्याच रात्री जो मुलगा कोठीच्या आड दडून बापाचा आवाज शांत होण्याची वाट पाहत होता, तो पंगतीत असूनही एकटाच होता. त्याच्याही मागे जावे तर जीव अनादि अविद्येने परमेश्वराला मुकलेला आहे. ते मूळचे एकलेपण कुळाच्या गोंगाटात ऐकू येत नव्हते, गोंगाट थांबताच ते ऐकू येऊ लागले. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे जाणल्यावर देवतेचे भय ओसरते. पण भयाच्या दोरीने बांधलेली माणसेही त्यासोबत सैल होतात, हे साधकाने आधीच समजून असावे.

मग विरहाचे करावे काय? श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर नागदेवाचार्यांपुढे हाच प्रश्न याहून कठोर रूपात उभा होता. ऋद्धिपूर येथे ते स्वामींच्या लीळांचे अखंड स्मरण करीत. म्हाइंभटांनी त्या स्मरणाविषयी विचारले, आचार्यांनी एकेक लीळा सांगितली, आणि शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले, असे परंपरा सांगते. आचार्यांनी दुःख टाकून दिले नाही. त्याला स्मरणाकडे वळविले. असन्निधानात जगणाऱ्या प्रत्येक साधकाचा हाच मार्ग आहे. त्यासाठी स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार आधारस्थाने दिलेली आहेत. ज्याच्या घरी अक्षत येत नाही, त्याने आश्रमाच्या पंगतीत संकोच न धरता बसावे. तेथे त्याच्यासारखेच घरांतून तुटून आलेले अनेक भेटतील.

तथापि दोन गोष्टींत साधक चुकतो. सूत्रपाठातील आचार प्रकरणात स्वदेश, स्वग्राम आणि संबंधी यांच्या त्यागाची आज्ञा आहे. ती अनुसरण घेतलेल्या भिक्षुकास उद्देशून आहे. घरी राहणाऱ्या वासनिकाने तिचा आधार घेऊन म्हाताऱ्या आईबापांची सेवा टाळली, तर तो त्याग नव्हे, ती सोय झाली. त्याने हिंसेची पंगत टाळावी. आईचे औषधपाणी टाळू नये. आईच्या आर्जवामागे देवतेचे भय असेल, पण त्याच्या आत पुत्राची काळजीही आहे, आणि त्या काळजीचा अव्हेर करण्याची आज्ञा त्याला कोठेही नाही.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. बोकड सुटतो, मद्य सुटते, आणि कुळाचा तापटपणा मात्र उपदेशाच्या वेषात पुन्हा घरात शिरतो. "तुम्ही सगळे अधर्मी" असे जो पुत्र ओरडून सांगतो, त्याच्या कंठातून बापाचाच आवाज निघत असतो. काया, वाचा आणि मन या तिन्हींनी दुसऱ्यास पीडा न देणे ही अहिंसा. सुरी खाली ठेवल्याने तिच्यातील एक भाग साधला. जिभेवरची धार अजून उरलेली असते. कुळाची खरी परंपरा त्या वार्षिक बळीत नव्हती, रागाला मोकळे सोडण्यात होती. ती मोडल्याशिवाय कुळाचार मोडला असे म्हणता येणार नाही.

म्हणून अशा पुरुषाने जत्रेच्या रात्री आपल्या घरी नामस्मरण करावे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, सर्व जण निजलेले असता, आईच्या अंगणात जाऊन तिच्यासाठी पाण्याचे दोन हंडे भरून ठेवावे. भाऊ बोलतील किंवा न बोलतील. आई कदाचित पुन्हा तेच विचारील, आणि त्याला पुन्हा तेच 'नाही' सांगावे लागेल. मात्र ते हलक्या आवाजात सांगावे. त्या वेळी त्याचे बोट धरून आलेले लहान मूल जवळ उभे असते. नकार कसा द्यावा, हे ते पाहत असते, आणि उगारलेला हात त्याने अजून पाहिलेला नसतो.