नगारा कोणाचा?

परंपरा जपायची म्हणजे तिला कुंपण घालायचे, की तिची वाट मोकळी ठेवायची? हा प्रश्न आपण बहुधा हवेतच चघळत बसतो. आफ्रिकेतील बुरुंडी या चिमुकल्या देशात मात्र तो नगाऱ्याच्या रूपाने उभा राहिला आहे.

तेथील किरुंडी भाषेत ‘इंगोमा’ म्हणजे नगारा, आणि ‘इंगोमा’ म्हणजेच राज्य. हा नुसता श्लेष नव्हे. ‘कार्येंडा’ हा पवित्र नगारा राजसत्तेचे प्रतीक होता; नगारे सांभाळण्याचा आणि वाजविण्याचा मान ठराविक घराण्यांचा. ज्वारीच्या पेरणीचा उत्सव आला की राजाच्या साक्षीने ते दुमदुमत. १९६२ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा कार्येंडा राष्ट्रध्वजावर आला. १९६६ साली राजेशाही संपली आणि ध्वजावरून तो उतरला.

राज्य गेले; मग नगाराही मुका व्हायला हवा होता. झाले उलटेच. तो लग्नकार्यांत घुमू लागला, परदेशांतील रंगमंचांवर गेला, आणि पुढे बायकांनीही टिपऱ्या हाती घेतल्या. २०१४ साली युनेस्कोने या नगारानृत्याला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघाला: बायकांनी नगारा वाजवू नये, आणि सरकारी समारंभाबाहेर वाजवायचा तर परवानगी घ्यावी, शुल्क भरावे. हेतू सांगितला तो परंपरेच्या रक्षणाचा. या भीतीला काहीच आधार नाही, असे म्हणता येणार नाही. जे पवित्र ते बाजारात भाड्याने फिरू लागले की त्याचे तेज ओसरते, हे कोणता समाज जाणत नाही? परंतु पावित्र्य राखणे निराळे आणि मालकी सांगणे निराळे. जो नगारा राजसत्तेचे प्रतीक होता, तो सरकारी कचेरीच्या परवान्यापुढे नमवावयाचा, यात रक्षण कोणाचे झाले?

उत्तर त्या वादनातच आहे, असे मला वाटते. वादक नगारे डोक्यावर घेऊन, वाजवीत, रांगेने येतात, अर्धवर्तुळ धरतात, मध्यभागी ‘इंकिरान्या’ हा मुख्य नगारा असतो. बाकीचे काही नगारे त्याच्याच लयीने चालतात. मात्र त्या मधल्या नगाऱ्यावर कोणी ठाण मांडून बसत नाही. एकेक जण पुढे येतो, नाचतो, वाजवितो, आणि दुसऱ्यासाठी जागा सोडून आपल्या ठिकाणी परततो. मान नगाऱ्याचा, वाजविणारा पाळीचा.

राजाच्या नावाने चालणाऱ्या या वादनाने केंद्रस्थान असे वाटून घेतले होते. वारसा हाही असाच मधला नगारा आहे. त्याच्यापाशी येण्याची योग्यता लय सांभाळण्याने ठरावी, जन्माने किंवा हुकमाने नव्हे. जो समाज ती जागा एकाच्याच ताब्यात देतो, त्याच्यापाशी नगारा राहील. इंगोमा राहणार नाही.