सहलीचे छायाचित्र आणि परतीचा हक्क

प्रवासवर्णनांविषयी मराठी समीक्षेत बरेच लिहिले गेले आहे. लेखकाचे व्यक्तित्व, शैलीचा प्रसन्नपणा, माहिती आणि अनुभव यांचे प्रमाण, स्थळवर्णनातील चित्रमयता हे त्या चर्चेचे नेहमीचे विषय होत. या चर्चेने वाङ्मयप्रकाराचे स्वरूप स्पष्ट केले हे खरे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला एक नैतिक प्रश्न मात्र बहुधा बाजूलाच राहिला. सुट्टीत घराबाहेर पडलेला माणूस जे पाहतो, टिपतो आणि परतल्यावर सांगतो, त्या पाहण्याचा अधिकार त्याला कोठून मिळतो, आणि त्या अधिकारापोटी त्याच्यावर काही ऋण येते काय, हा तो प्रश्न आहे. प्रकाशित प्रवासवर्णनाला तो जितका लागू पडतो तितकाच घरोघरीच्या फोटोंच्या अल्बमलाही लागू पडतो. किंबहुना अल्बमला अधिक, कारण तेथे शैलीचे आवरण नसते.

यात्रा, प्रवास, स्थलांतर आणि सहल हे शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी सहलीला वेगळे करणारे एक लक्षण आहे. यात्रेला निघालेला पूर्वीचा माणूस काशीहून परतेलच अशी खात्री घरच्यांना नसे. म्हणून निरोपाला गांभीर्य असे आणि परतल्यावर मावंदे घातले जाई. स्थलांतर करणाऱ्याला परतायचे असते किंवा नसते, पण परतणे त्याच्या हाती नसते. सहलीला निघालेल्याचे मात्र परतणे आधीच ठरलेले असते. रजेचा अर्ज, परतीचे आरक्षण, शेजाऱ्यांकडे दिलेली किल्ली या सगळ्यांतून एकच आश्वासन व्यक्त होते: हे जग पाहून झाल्यावर आपले घर आपल्याला परत मिळणार आहे. सहलीचा आनंद या आश्वासनावर उभा असतो. सहलीचे छायाचित्र ‘हा येथे गेला होता’ एवढेच सांगत नाही. ‘हा येथून सुखरूप परत आला’ हेही ते सांगत असते. पहिले विधान सर्वांना दिसते. दुसरे गृहीत धरलेले असते, आणि जे गृहीत धरलेले असते त्याची किंमत सहसा विचारली जात नाही.

ही किंमत कळण्यासाठी कलकत्त्याच्या दक्षिणेस हुगळीच्या डाव्या तीरावर वसलेले बजबज हे गाव उपयोगी पडते. तागाच्या गिरण्या, तेलाच्या टाक्या आणि सियालदहकडे जाणारी लोकल गाडी असे त्याचे रोजचे रूप. बेलूर, दक्षिणेश्वर, गंगासागर असा बेत आखून निघालेल्या मराठी प्रवाशाच्या यादीत ते क्वचितच असते. तरीही परतण्याच्या दोन परस्परविरुद्ध कथा या एका जागी घडल्या आहेत. फेब्रुवारी १८९७मध्ये पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद मद्रासहून आगबोटीने येऊन बजबज येथे उतरले आणि रेल्वेने सियालदहला गेले. तेथे त्यांच्या स्वागतासाठी मोठा जनसमुदाय लोटला होता. त्यानंतर साडेसतरा वर्षांनी, २९ सप्टेंबर १९१४ रोजी, त्याच काठाला ‘कोमागाटा मारू’ हे जपानी जहाज आणले गेले. त्यातील माणसेही स्वदेशी परतत होती. त्यांच्यासाठी सशस्त्र पोलीस आणि पंजाबकडे नेणारी खास गाडी सज्ज होती.

या जहाजाची कथा मुळात तिकिटाची कथा आहे. कॅनडाने १९०८मध्ये असा नियम केला होता की, स्थलांतरिताने आपल्या मायदेशातून थेट तिकीट काढून अखंड प्रवास करून आले पाहिजे. हिंदुस्थानातून असा थेट प्रवास त्या काळी उपलब्धच नव्हता. म्हणजे नियमात हिंदी माणसाचे नाव न घेता त्याला दार बंद करण्याची सोय होती. गुरुदित्त सिंग यांनी जहाज भाड्याने घेऊन या नियमालाच आव्हान दिले. ४ एप्रिल १९१४ रोजी ते हाँगकाँगहून निघाले आणि २३ मे रोजी व्हँकूवरला पोहोचले. जहाजावर ३७६ प्रवासी होते. त्यांपैकी ३४० शीख, २४ मुसलमान आणि १२ हिंदू. पूर्वी कॅनडात राहिल्याचे सिद्ध करू शकणाऱ्या सुमारे वीस जणांना उतरू देण्यात आले. बाकीचे दोन महिने बंदरात, किनारा डोळ्यांसमोर असताना, अन्नपाण्याच्या टंचाईत अडकून पडले. २३ जुलै रोजी ‘रेनबो’ या युद्धनौकेच्या पहाऱ्यात जहाजाला परत फिरावे लागले.

त्या दोन महिन्यांत व्हँकूवरचा किनारा बघ्यांनी फुलून जाई. युद्धनौका आली तेव्हा तर धक्क्यावर आणि घरांच्या छपरांवर हजारो माणसे जमली होती. उन्हाळ्याचे दिवस, निळे पाणी आणि समोर एक ‘प्रकरण’. त्यांच्या दृष्टीने ती एक सहलच होती. आज या घटनेची जी छायाचित्रे पुनःपुन्हा छापली जातात ती याच बंदरातली आहेत. त्यांतले सर्वांत परिचित चित्र जहाजाच्या डेकवरचे आहे: डाव्या बाजूस फिकट रंगाचा सूट घातलेले गुरुदित्त सिंग, शेजारी त्यांचा लहान मुलगा आणि मागे फेटे बांधलेल्या प्रवाशांची दाटी. बजबजच्या त्या संध्याकाळचे मात्र असे एकही चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर नाही. साठेक प्रवासी गाडीत बसले. उरलेल्यांनी, ग्रंथसाहिब कलकत्त्याच्या गुरुद्वारात पोहोचवायचा आहे असे सांगत, पायी वाट धरली. त्यांना अडवून मागे आणण्यात आले आणि स्थानकाजवळ झालेल्या गोळीबारात सुमारे वीस प्रवासी मारले गेले. जेथे जहाज हे प्रेक्षणीय दृश्य होते तेथे कॅमेरे होते. जेथे माणसे पडली तेथील चित्र लोकस्मृतीत नाही. कॅमेऱ्याला कोठे न्यायचे हे पाहणाऱ्याची सोय ठरवते, हा या विषमतेचा पहिला धडा.

परंतु येथे घाईने निवाडा करणे चुकीचे ठरेल. किनाऱ्यावर जमलेल्यांचे कुतूहल क्रूर होते असे म्हणावे, तर त्याच पाहण्यातून निर्माण झालेली चित्रे पुढे अन्यायाचा पुरावा झाली हेही मान्य करावे लागते. १८ मे २०१६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या प्रकरणी क्षमायाचना केली. तोवर शंभर वर्षे ही घटना स्मरणात राहिली ती वंशजांच्या चिकाटीमुळे, आणि काही अंशी त्या चित्रांतील चेहऱ्यांमुळेही. म्हणजे दोष पाहण्यात नाही, टिपण्यातही नाही. मराठीत ‘बघ्या’ आणि ‘साक्षीदार’ असे दोन शब्द आहेत. दोघांच्या डोळ्यांपुढे दृश्य तेच असते. फरक पडतो तो पाहून झाल्यावर. बघ्याचे काम दृश्य संपताच संपते, तर साक्षीदाराचे तेथून सुरू होते. ज्याने पाहिले त्याला पुढे विचारले जाऊ शकते, आणि त्याने उत्तर दिले पाहिजे, हे बंधन साक्षीदार स्वीकारतो.

हौशी छायाचित्रणाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. मुंबईत १८५४मध्ये आणि कलकत्त्यात १८५६मध्ये छायाचित्रण मंडळे स्थापन झाली. पोटासाठी नव्हे, तर आवडीसाठी चित्रे काढणाऱ्यांची ही मंडळे होती, आणि त्यांत हिंदी सभासदही होते. पण हौस म्हणजे निरागसता नव्हे, हे कलकत्त्यात लवकरच दिसले. राजेंद्रलाल मित्र हे त्या मंडळाचे पदाधिकारी होते. १८५७मध्ये त्यांनी जाहीर सभेत युरोपीय निळवाल्यांवर टीका केली आणि त्यापायी त्यांना मंडळातून काढण्यात आले. प्रकाश, काच आणि रसायने यांत रमलेल्या मंडळींना, पाहणारा कोण आणि त्याने काय बोलावे, या प्रश्नापासून दूर राहता आले नाही. पुढे १८८८मध्ये कोडॅकचा शंभर चित्रांची फिल्म भरलेला कॅमेरा बाजारात आला. चित्रे संपली की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा आणि चित्रे तयार होऊन यायची. छायाचित्रण मोठ्या प्रमाणावर सुट्टीचे सोबती झाले ते येथून. श्रम गेले ही मोठी सोय झाली. पण श्रमांबरोबर थांबणेही गेले. काचेवर चित्र घेणाऱ्याला एका दृश्यासमोर बराच वेळ उभे राहावे लागे, आणि त्या वेळात समोरचा माणूस त्याच्याकडे पाहू शके.

कॅमेरा असला म्हणजे साक्ष खरी असा समजही येथे तपासला पाहिजे. १८५७च्या धामधुमीची दोन प्रवासी कथने शेजारी ठेवून पाहावीत. फेलिचे बेआतो हा व्यावसायिक छायाचित्रकार १८५८मध्ये लखनौच्या सिकंदर बागेत पोहोचला तेव्हा तेथील लढाईला काही महिने उलटून गेले होते. अंगणात विखुरलेल्या मानवी हाडांचे त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. ती हाडे चित्रासाठी मांडली गेली असे अनेक अभ्यासक मानतात. दुसरीकडे वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, बंडाच्या वणव्यात सापडले आणि झाशीच्या वेढ्यात अडकले. कॅमेऱ्याची त्यांना कल्पनाही नसावी. बऱ्याच वर्षांनी त्यांनी आठवून लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तपशिलाच्या चुका असतील, ऐकीव गोष्टीही आहेत. तरीही वाचकाचा विश्वास बसतो. कारण भटजींना घर पुन्हा दिसेल याची हमी नव्हती आणि भोवतालच्या माणसांनाही ती नव्हती. पाहणारा आणि पाहिला जाणारा येथे एकाच धोक्यात उभे आहेत. बेआतोच्या चित्रात ते तसे उभे नाहीत.

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. वर्षभर कचेरीत किंवा गिरणीत राबून आठ दिवस बाहेर पडणाऱ्या माणसाच्या आनंदावर इतिहासाचे ओझे का लादावे? समुद्रापुढे उभ्या असलेल्या आईवडिलांचे एखादे थोडे हललेले छायाचित्र हे अनेक कुटुंबांत सुखाचा एकमेव लेखी पुरावा असते. सुट्टी ही दीर्घ लढ्यांनंतर मिळालेली गोष्ट आहे. गरिबांपर्यंत ती अद्याप पुरती पोहोचलेली नाही. तिचा उपभोग घेणाऱ्याला अपराधी वाटायला लावणारी नीती ही नीती नसून दुखणे होय. हा आक्षेप मान्य करूनही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. आनंद घेऊ नये असे कोणी म्हणत नाही. त्या आनंदाची हमी सर्वांना मिळालेली नाही, एवढे लक्षात असावे, इतकीच अपेक्षा आहे. उपकार स्वीकारणारा जसा ते स्मरतो, तसा सुखरूप परतणारा आपले परतणे स्मरू शकतो. त्याने आनंद उणा होत नाही. त्याला खोली येते.

मराठी वाचकाला हे स्मरण परके वाटू नये. कोमागाटा मारूच्या गोळीबारानंतर दोनच महिन्यांच्या आत, नोव्हेंबर १९१४मध्ये, गदर चळवळीतला तळेगाव ढमढेऱ्याचा तरुण विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेहून कलकत्त्यास उतरला. परतीचा अर्थ काय होतो हे त्याला ठाऊक होते. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. ज्या हुगळीच्या काठावर सहलीची मंडळी फोटो काढतात, ती मराठी माणसाच्याही न झालेल्या घरवापसीची नदी आहे.

मग हौशी माणसाने करावे तरी काय? उत्तर साधे आहे आणि त्याच्या आवाक्यातले आहे. व्यावसायिकाला गिऱ्हाइकाची मागणी बांधून ठेवते, वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला वेळेचे बंधन असते. हौशी माणूस मोकळा असतो. त्याला थांबता येते, विचारता येते. ज्याचे चित्र घ्यायचे त्याला विचारावे. नाव, ठिकाण आणि दिनांक लिहून ठेवावा. आणि चित्रात काय आले नाही तेही दोन ओळींत नोंदवावे. पूर्वी फोटोच्या पाठीवर पेनने लिहिण्याची चाल होती. आज फोनमध्ये हजारो चित्रे साठतात, दिनांक आपोआप उमटतो, पण पाठ उरलेली नाही. ती पाठ म्हणजे साक्षीची जागा होती.

बजबजला जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते १९५२मध्ये खुले झालेले कृपाणाच्या आकाराचे स्मारक आहे, आणि स्थानकाच्या नावातही आता कोमागाटा मारू आहे. तेथे स्मारकासमोर हसून फोटो काढणे हे पाप नव्हे. गावकऱ्यांना ते रोजच्या वाटेवर लागते; तेही त्याच्या सावलीत उभे राहून हसतात, भांडतात, गाडीची वाट पाहतात. पण कोणाचे परतणे येथे थांबले हे न विचारता निघून जाणाऱ्याने बजबज पाहिले असे म्हणता येणार नाही. त्याने तेथे फक्त स्वतःला पाहिले. प्रवासवर्णनाच्या आणि सहलीच्या छायाचित्राच्या नैतिकतेची कसोटी येथेच लागते. त्यात ‘मी’ किती आहे यावरून ती ठरत नाही. त्या ‘मी’ला आपल्या परतीच्या तिकिटाची जाणीव आहे की नाही, आणि ते ज्याच्याजवळ नव्हते त्याच्यासाठी त्याने चित्रात थोडी जागा मोकळी ठेवली आहे की नाही, यावरून ती ठरते.