भाषा कोणाच्या तासाची?

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या उर्दू शाळेतलं मूल घरी हिंदुस्तानी बोलतं, बाजारात वऱ्हाडी आणि वर्गात किताबी उर्दू वाचतं. विज्ञानात ते 'जियाई तालीफ' शिकतं. मराठीत तेच 'प्रकाशसंश्लेषण', पुढे कॉलेजात 'फोटोसिंथेसिस'. गणितात मजकूर उजवीकडून डावीकडे, समीकरण मात्र डावीकडून उजवीकडे!

२०२० साली लोणार सरोवराचं पाणी गुलाबी का झालं, हे असं मूल तोंडी नीट सांगतं: पाणी आटलं, खारटपणा वाढला, खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव वाढले. कागदावर मात्र दोन तुटक ओळी. मग आपण गुण कापतो ते विज्ञानाचे, की भाषेचे? ज्याला समजलं आहे त्याला 'ढ' ठरवणं, हा न्याय आहे का?

विज्ञानाचे सर म्हणतील, भाषा शिकवणं माझं काम नाही. पण कारण देणं, तुलना करणं, निष्कर्ष लिहिणं ही विज्ञानाचीच भाषा आहे. ती गझल शिकून येत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही प्रत्येक विषयाचा तास हा भाषेचाही तास मानला आहे.

दया म्हणून गुण वाढवणं हाही न्याय नव्हे. पुढच्या परीक्षेत ते मूल उघडं पडतं. आधी त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यावं, मग तेच शब्द फळ्यावर घेऊन वाक्य बांधायला शिकवावं. 'खरीप' आणि 'रब्बी' हे मूळचे अरबी शब्द. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ते कधी परके वाटले नाहीत. शब्द वापरानेच आपले होतात. तो वापर करू देणं हे प्रत्येक शिक्षकाचं कर्तव्य आहे.