देव समुद्रापार येतो का?

दौंड तालुक्यातल्या शिरापूरला उभं राहिलं की पैलतीरी सिद्धटेकचं देऊळ दिसतं. मध्ये भीमा. पूल होण्याआधी लोक होडीनं जात. चपला हातात, नारळाची पिशवी मांडीवर. इकडे शिरूर तालुक्यात रांजणगावचा महागणपती. दोन्ही स्वयंभू, म्हणजे त्या जागी आपणहून प्रकटलेले आणि ती जागा सोडून न हलणारे. भक्तानंच उठून जायचं.

म्हणून इथला एखादा मुलगा दूरच्या बेटावर धंदा टाकायचं म्हणाला, की भांडवलाच्या जोडीनं घरात आणखी एक विषय निघतो: तिथं आपल्या देवाचं कसं? या प्रश्नाला हसू नये. शास्त्रकारांनाही तो पडला होता. बौधायन धर्मसूत्रात पतित करणाऱ्या कर्मांत समुद्रप्रवास सगळ्यात आधी येतो. पुढच्या निबंधकारांनी द्विजांचं समुद्रगमन कलिवर्ज्यात, म्हणजे कलियुगात टाळायच्या गोष्टींत घातलं. राघोबादादांनी 1781 च्या सुमारास इंग्लंडला धाडलेल्या ब्राह्मण वकिलाला परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागलं.

मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांनी मात्र कुणा शास्त्र्याला विचारलं नाही. 1834 पासून तिथं ऊसमळ्यांसाठी करारानं हिंदुस्थानी मजूर जाऊ लागले. मराठी कुटुंबं बहुतेक कोकणातली, मुंबई बंदरात जहाजावर चढलेली. पोर्ट लुईला उतरल्यावर ज्या पायऱ्या चढायच्या, त्या आप्रवासी घाटावर आजही आहेत. करार संपला, पै-पै साठली. 1880 नंतर मळेवाल्यांनी कडेकडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या, तेव्हा अनेक हिंदुस्थानी कुटुंबांनी त्या घेतल्या. कालचा मजूर स्वतःच्या उसाचा हिशेब मांडू लागला.

आणि त्याचा देव? इथं गणेशपूजेतली एक जुनी सोय कामी आली. भाद्रपदातला गणपती पार्थिव असतो. माती कालवायची, मूर्ती घडवायची, प्राणप्रतिष्ठा करायची, पुजायचं आणि पाण्यात सोडायचं. माती कुठली असावी, याची अट नाही. क्षेत्रातला देव जागेचा. पार्थिव देव बोलावणाऱ्याचा. एकाच दैवताच्या या दोन रीती परंपरेनं शेजारी-शेजारी सांभाळल्या, ही तिच्या विचाराची मोठी खोली आहे. मॉरिशसच्या हिंदूंनी आणखी एक वाटही काढली: 1972 साली ग्रां बासँच्या तळ्यात गंगाजल ओतलं आणि ते गंगा तलाव झालं.

सगळंच टिकलं असं नाही. तिथल्या बऱ्याच मराठी घरांत रोजची बोली क्रिओल झाली. सिद्धटेकच्या टेकडीची प्रदक्षिणा तिथं घालता येत नाही, आणि तिची भरपाई झाली असं सांगणं खोटं ठरेल. पण गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कास्काव्हेलसारख्या गावात त्या दिवसांत आरतीचे शब्द मराठीच असतात. शेजाऱ्याशी क्रिओल बोलणारी पोरंही ते तोंडपाठ म्हणतात. मग मूर्ती नदीवर किंवा समुद्रावर नेतात, त्याच समुद्रात, जो ओलांडायला शास्त्रानं मनाई केली होती.