देहाची निगा : चैन की कर्तव्य?

काही वर्षांपूर्वी उपवासकाळातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक बाई कचेरीत आल्या. वय पन्नाशीच्या आतबाहेर. पहाटेच्या गाडीने दादरला भाजी नेऊन विकणाऱ्या. (हे पापनिवेदनात ऐकले असते तर येथे लिहिलेच नसते, लिहिण्यास त्यांची अनुमती आहे.) त्या म्हणाल्या, "फादर, पाळी गेल्यापासून अंगाची नुसती आग होते. रात्री कातडीवर मुंग्या चालल्यासारखं वाटतं, खाजवून खाजवून रक्त येतं. सुनेनं मलम आणून दिलंय. पण या वयात अंगाला मलमं चोळत बसायचं, तेही उपवासकाळात, हे बरोबर आहे का?"

आपले दुःख प्रभूच्या दुःखसहनाशी जोडावे, असे सांगून आम्ही त्यांना आशीर्वाद दिला. त्यांनी मलम बंद केले. ईस्टरनंतर कम्युनियन देताना त्यांचे पुढे केलेले हात आम्ही पाहिले. बोटांना चिरा पडल्या होत्या, मनगटे ओरखडून चिघळली होती. आमचा उपदेश कोठे चुकला, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडीत नाही.

पहिली चूक अज्ञानाची. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, नीतिशास्त्र शिकलो. रजोनिवृत्तीविषयी एक अक्षर शिकलो नाही. एका डॉक्टर स्नेह्यांनी पुढे समजावून सांगितले ते असे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक ओसरले की त्वचेचा आधार असलेले कोलॅजेन पहिल्या 5 वर्षांतच सुमारे 30 टक्के घटते. त्वचेतील तेल कमी होते, ओलावा टिकत नाही, आणि तीस वर्षे निमूटपणे चाललेला साबण एकाएकी झोंबू लागतो. मुंग्या चालल्याचा भासही पुष्कळ स्त्रियांना या काळात होतो. तो मनाचा खेळ नव्हे.

दुसरी चूक अधिक गंभीर. माणसाने स्वतःच्या देहावर प्रीती करावी काय, असा प्रश्न संत थॉमस अक्विनास यांनी 'सुम्मा'मध्ये उपस्थित केला आहे आणि त्याचे उत्तर होकारार्थी दिले आहे. देह हा परमेश्वराची निर्मिती आहे, कोणा दुष्ट शक्तीची नव्हे, हा त्यांच्या युक्तिवादाचा पाया. देहाला 'गाढवभाऊ' म्हणून राबविणाऱ्या संत फ्रान्सिस यांनीसुद्धा अखेरीस त्या देहाची क्षमा मागितल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. न टळणारे दुःख श्रद्धेने स्वीकारणे वेगळे आणि टळण्याजोगे दुःख दुसऱ्याच्या माथी मारून त्याला पुण्य म्हणणे वेगळे. आमच्या टाचांना हिवाळ्यात भेगा पडतात तेव्हा आम्ही व्हॅसलिन लावून मोकळे होतो. ते दुखणे प्रभूला अर्पण करण्याचे आम्हांला आजवर कधी सुचलेले नाही.

मग चैन कोठे सुरू होते? 'दहा वर्षांनी तरुण दिसा' असे सांगणाऱ्या बाटल्यांचा बाजार आम्ही पाहतो. म्हातारपणाच्या भीतीवर तो चालतो, आणि त्यातील सुगंधच नाजूक झालेल्या त्वचेला बहुधा अधिक जाचतो. उलट त्वचेला खरोखर जे हवे ते स्वस्त आणि बिनवासाचे असते. कढत पाण्याऐवजी कोमट पाणी घ्यावे आणि स्नान लवकर आटोपावे. साबण सौम्य असावा, तोही गरजेपुरता. अंग पंचाने टिपून ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली लावावी, सुती कपडे वापरावेत, उन्हात छत्री न्यावी. घासणी, लिंबू आणि स्वच्छतेच्या हौसेपायी पाण्यात ओतलेले जंतुनाशक यांना मात्र रजा द्यावी. दुकानदाराने आपल्या मनाने दिलेली मलमे तर घेऊच नयेत. त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते आणि त्याच्या अनिर्बंध वापराने आधीच पातळ झालेली त्वचा आणखी पातळ होते. सरकारने 2018 साली अशा अनेक मलमांच्या विक्रीला डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले आहे, तरी ती सहज मिळतात. खाज हटतच नसेल तर थायरॉइड, मधुमेह, मूत्रपिंड, यकृत यांची तपासणी करून घ्यावी. आणि सांगण्यास संकोच वाटावा अशा जागीही या काळात कोरडेपणा व आग होते. त्यावर साधे, परिणामकारक उपचार आहेत. धर्मगुरूने हे लिहावे काय, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या भगिनी तो दाह वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात, म्हणून लिहितो.

प्रश्न पैशांचाही आहेच. घरात मुलाच्या शिकवणीला पैसे निघतात, पुरुषाच्या संध्याकाळच्या पेल्यालाही निघतात. आईच्या मलमाच्या वेळी मात्र 'या वयात कशाला?' असे विचारले जाते, आणि बहुधा तीच ते प्रथम विचारते. तिच्या तोंडी तो प्रश्न कोणी घातला याचे उत्तर शोधताना आम्हांला आमच्याच प्रवचनांची आठवण होते.

त्या बाईंची आम्ही घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांना आमच्यापेक्षा अधिक अवघडल्यासारखे झाले. आता पहाटे निघण्यापूर्वी त्या हातांना व्हॅसलिन लावतात. भाजीवर दिवसभर पाणी मारावे लागते, म्हणून डॉक्टरांनी रबरी हातमोजे सुचविले आहेत. ते काही त्यांनी अजून मनावर घेतलेले नाही. गिऱ्हाईक हसते, म्हणतात.