चालत जाण्याइतकं

पारशिवनीच्या जुन्या वस्तीत आधी दुकानाचं शटर उघडतं, मग मागच्या खोलीतून चहाच्या भांड्यांचा आवाज येतो. समोर शिलाई मशीन, बाजूला पिठाची चक्की, माळ्यावर कोणाचं तरी बिऱ्हाड. सांभार संपला तर लेकराला धाडतात, आणि गॅसवरची भाजी उतरायच्या आत ते परत येतं.

गावाबाहेर, धुऱ्यापलीकडे, शेतात ले-आऊट पडतात. सिमेंटचा रस्ता, विजेचे खांब, प्लॉटच्या कोपऱ्यांवर रोवलेले दगड, मध्येच एखादं घर. तिथल्या बाईला सांभारासाठी दुचाकी काढावी लागते. तिच्या सासऱ्यांना दुचाकी येत नाही. ते दिवसभर छपरीत बसून असतात. जागा वाढली, माणसं लांब गेली.

नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 2017 मध्ये स्थापन झालं. पुढच्याच वर्षी 700 हून अधिक गावांचा विकास आराखडा मंजूर झाला. पारशिवनी तालुक्यातली गावंही त्यात आहेत. असल्या नकाशांत राहण्याची जागा पिवळी, व्यापाराची निळी. जुन्या गल्लीला कोणता रंग द्यावा? तिथं दोन्ही एकमेकांत मिसळलेले, म्हणून तर ती जागती आहे. नव्या वस्तीत तळमजल्यावर दुकान काढायला नियमांत वाट आहे. पण दुकान परवानगीने येत नाही, गिऱ्हाइकाने येतं.

पाण्याचंही तसंच. याच तालुक्यात नवेगाव खैरीला पेंचचं धरण आहे, आणि नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग तिथून जातो. पण धरण जवळ असलं तरी वस्ती विरळ असली की पाइप लांब टाकावा लागतो आणि त्यावर नळ थोडे असतात. नाली, बस, शाळा, सगळीकडे हाच हिशेब.

दाट वस्ती म्हटलं की घुसमट आठवते. ती भीती खोटी नाही. मैदान आणि उजेड राखला नाही तर घुसमट होतेच.

नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये मंजूर झाला. त्याची एक मार्गिका कामठीवरून कन्हान नदीपर्यंत आखली आहे. पुलापलीकडे कन्हान, म्हणजे आपलाच तालुका. तिथं स्टेशनच्या आसपास घरं, दुकानं, शाळा, दवाखाना एकत्र वसावेत असं मला फार वाटतं. नाहीतर तिथंही नुसते प्लॉटच पडतील.

आराखडा आला की हरकती-सूचना मागवतात. आपण आपल्या सर्व्हे नंबरावर आरक्षण पडलं का, तेवढंच पाहतो. घरातल्या म्हाताऱ्यांना कुठंकुठं चालत जाता यायला हवं, हेही त्या कागदावर लिहिता येतं.